नावापुरती मालकीण

लातूर, १२ सप्टेंबर

चि. सौ. सौदामिनीस रेणुकादासचे अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल, दादाला आता कशाची गरज पडली. वाटू दे. फोन तू उचलत नाहीस, आणि वकिलांनी मला बजावलंय की या विषयावर मोबाईलवर एक शब्द पाठवायचा नाही. म्हणून हा कागद. वाचून झाला की फाडून टाक.

घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये राहणारी एक मुलगी गॅलरीतून जराशी पडली. वैष्णवी नाव, किनवटकडची, मेडिकलच्या परीक्षेची तयारी करायला आलेली. या पोरींचं डोकं पुस्तकात आणि हात कपडे वाळत घालण्यात. तोल गेला असेल. ट्यूशन एरियात रोज काही ना काही होतच असतं. पण बाप पोलिसांत गेला आणि त्यांनी बिल्डिंगचे कागद मागवले. कागदोपत्री मालक आहे ‘रेणुकाई निवास प्रायव्हेट लिमिटेड’, आणि तिच्या संचालक तू आणि तुझी वहिनी. तेव्हा तुझ्या नांदेडच्या, विष्णुपुरीच्या पत्त्यावर एक नोटीस येईल. दारात खाकी कपडे बघून शेजारी तोंडाला पदर लावतील, म्हणून आधीच कळवतो.

ही कंपनी कशासाठी केली ते तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. प्लॉट बाबांचा, म्हणजे दोघांचा. हक्कसोडपत्रावर सही करायला तू तयार नव्हतीस. मग त्या भाऊबीजेला तू मला ओवाळलंस आणि मी तुझ्या ताटात सगळी कंपनीच घातली. शंभरातले नव्व्याण्णव शेअर तुझे, एक तुझ्या आरतीवहिनीचा. तू हसत हसत म्हणालीस, ‘दादा, एवढी मोठी ओवाळणी?’ आणि मी बोट ठेवलं तिथे तिथे सह्या केल्यास. हेतू एकच होता. भाडेकरू ठेवायचे म्हणजे विस्तवाशी खेळ. उद्या कुणी दावा लावला तर तो कंपनीवर लागावा, माणसाच्या अंगाला धग लागू नये. माझ्या नावावर कुणाला काही सापडूच नये. आणि बहीण म्हणजे काय परकी आहे?

तर नोटीस आली की सांगायचं, मी नावापुरती आहे, मला काही माहीत नाही. ते खरंही आहे. बाकी मी बघतो.

वास्तुशांतीच्या दिवशी तुझ्या-माझ्यात शब्दाला शब्द लागला, तो मी केव्हाच विसरलो आहे. तूही विसर.

तुझा,
दादा

लातूर, १७ सप्टेंबर

चि. सौदामिनीस आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन वर्षांनी बहीण भावाला लिहिते आणि काय, तर ‘मुलगी नेमकी कशी आहे?’ संपलं. माझं ब्लडप्रेशर, तुझ्या वहिनीचे गुडघे, कशाची चौकशी नाही.

जराशी पडली असं मी लिहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावरून पडली. कमरेच्या मणक्याला मार आहे आणि पायांत अजून हालचाल नाही. तोल गेला असंही लिहिलं होतं. तर तोल गेला तेव्हा रेलिंगही तिच्याबरोबर खाली आलं. आता आधी रेलिंग सुटलं की आधी तोल गेला, हे खालून कोण सांगणार? तिच्या घरच्यांनी तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलंय, किनवटहून जायला-यायला तेच जवळ म्हणून. तू तिकडे फिरकू नकोस. वकिलांनी मुद्दाम सांगितलंय: भेटायला जाणं म्हणजे चूक कबूल करणं.

विमा असेलच की, असं तुझे यजमान म्हणतील. आगीचा आहे. भाडेकरूला इजा झाली तर मालकाच्या वतीने भरपाई देणारा वेगळा विमा निघतो. तो काढा म्हणून विमावाला दोनदा येऊन चहा पिऊन गेला. आपला सीए मृत्युंजय, तोही म्हणाला, काका, घेऊन टाका. मी म्हटलं, कंपनी केली आहे ना? एका डोक्यावर दोन छत्र्या कशाला? झालं ते झालं.

आता मुद्द्याचं. सोबत एक करार पाठवतो आहे. त्यात असं आहे की गेल्या जूनपासून अख्खी बिल्डिंग कंपनीने नीलम्माला चालवायला दिली असून देखभाल, दुरुस्ती आणि मुलींची सुरक्षितता ही सगळी तिची जबाबदारी. नीलम्मा म्हणजे आपली मेसवाली, निलंग्याकडची, तू तिच्या हातची धपाटी खाल्ली आहेस. स्टॅम्पपेपर जुन्या तारखेचा मिळवला आहे, कसा ते विचारू नको. करारावर दोन्ही संचालकांच्या सह्या लागतात. आरतीची झाली आहे, नीलम्माचा अंगठा घेतला आहे. तुझी तेवढी राहिली.

तू म्हणशील, त्या बाईचं काय होईल? काय होणार? तिच्याकडे आहे काय? दोन तवे आणि एक शेगडी. ज्याच्याकडे काही नाही त्याचं कोर्ट काय घेऊन जाणार? मी तिला वाऱ्यावर सोडणार नाही. वकील माझाच देईन.

सही करून लगेच कुरिअर कर. हेही पत्र फाड.

दादा

लातूर, २३ सप्टेंबर

सौदामिनी,

करार परत आला. सहीच्या जागी सही नाही, आणि समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘हे नीलम्माला वाचून दाखवलंस का?’ शाळेत पोरींच्या वह्या तपासून तपासून तुला सगळं जग आठवीचा वर्ग वाटायला लागलंय.

चाकूरला आपल्या गावात साखराबाई पाच वर्षं सरपंच होत्या. त्यांनी एकदा तरी विचारलं का, ग्रामसेवकाने कुठल्या कागदावर सही घेतली म्हणून? कारभार त्यांचा मुलगा बघायचा आणि गाव सुखात होतं. म्हणजे पाण्याची टाकी खचली तेवढी सोडली तर. घराघरात असंच चालतं: शेत आईच्या नावावर, गाडी बायकोच्या, प्लॉट बहिणीच्या. म्हणून कुठली बहीण उठून वाचायला बसते?

मी चिडून लिहितो आहे, कारण माझ्या जिन्यावर काय चाललंय ते तुला माहीत नाही. परवापासून मुलीचा बाप नांदेडहून येऊन बसतो. शेषेराव नाव, गावात पिठाची गिरणी आहे. मानेच्या सुरकुत्यांत पीठ तसंच. आरडाओरडा करता तर बरं झालं असतं, पोलिसांना बोलावून उठवता आलं असतं. तो नुसता बसतो. मुली क्लासला जाता-येता त्याच्याकडे बघतात आणि मग वर गॅलरीकडे बघतात. दोघी खोल्या सोडून गेल्या.

काल मी खाली गेलो. म्हटलं, शेषेराव, कंपनी बघेल, कायद्याने जे होईल ते होईल, तुम्ही घरी जा. तर म्हणाला, “सायब, पैशाचं मागून बघू. कोर्टाचं बी मागून. मला येवढंच सांगा, तो गज हलत व्हता, हे कुनाला म्हाईत व्हतं का न्हाई?”

मी म्हटलं, नाही हो. कुणालाच नाही.

त्याने लगेच हात जोडले. “मंग देवाचीच मर्जी. म्हाईत असून कोन ठिवंल तसं? तुमी बी लेकरंबाळंवाले हाव.” आणि माझं समाधान झालं का, असं बघत उभा राहिला. मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू! आपण सांगू ते माणसाने असं पटकन खरं मानू नये.

तो आजही आला आहे. आता काही विचारत नाही. एस.टी.ला वेळ आहे म्हणतो आणि बसतो.

वास्तुशांतीला तू गॅलरीत काय बोललीस ते मला नीटसं आठवतही नाही. होमाचा धूर होता, पंगत उठत होती, गडबड होती. तुलाही आठवत नसणार. आठवायचं कारणही नाही.

करार पुन्हा पाठवतो आहे. या वेळी पेन्सिल बाजूला ठेव.

रेणुकादास

लातूर, ३० सप्टेंबर

चि. मिनूस,

लहानपणीच्या नावाने हाक मारतो आहे, तेव्हा समजून जा.

काल मृत्युंजयला घरी बोलावलं. म्हटलं, बाबा, तुझ्या कंपनीचं कवच काय कामाचं ते आता दाखव. तो पाणी प्याला, त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, “काका, कवच आहेच की. भरपाईचा दावा झाला तर चाकूरची तुमची जमीन, तुमची गाडी वाचू शकेल. पण बिल्डिंग कंपनीचीच आहे, ती कशी वाचंल? भरपाई तिच्यातूनच जानार. आन् हलगर्जीपणाचा फौजदारी गुन्हा मानसावर लागतो, कंपनीला कुठं जेलात बसवता येतंय? ज्याला धोका ठाऊक होता त्याला विचारतील. म्हनून तर म्हनत होतो, सोबत विमा घ्या.”

मी म्हटलं, मग बिल्डिंग माझ्या नावावर परत करून घेऊ. तर हा मुलगा हसला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, “ते आत्या ठरवतील. नव्व्याण्णव शेअर त्यांचे हायत. तुम्ही तर संचालकही न्हाई काका. पहिल्या मजल्यावर ऱ्हाता, त्याचाबी करार न्हाई.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझ्याच बिल्डिंगमध्ये मी बिनकराराचा भाडेकरू निघालो.

एवढ्यावर थांबलं नाही. आरतीने नीलम्माला करार वाचून दाखवला. तुझाच प्रताप, तू तिला फोन केला होतास हे ती लपवत नाही. माझा फोन उचलायचा नाही आणि माझ्या बायकोला करायचा, छान. नीलम्मा पिठाच्या हातांनी वर आली. ओरडली नाही. म्हणाली, “अण्णा, सगळ्यात आधी पोरीपाशी म्या पळाले. डोकं मांडीवर घेतले. आन् तुम्ही माझाच अंगठा घेतला? रेशनचा कागद हाय म्हनलात की.” मग आरतीकडे बघून तिने तिच्या कानडी भाषेत काहीतरी म्हटलं आणि चुलीवर भात आहे म्हणून खाली गेली. संध्याकाळी मुलींना नेहमीसारखं वाढलं. मला ताट पाठवलं नाही.

आरती म्हणाली, चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरीवर माझी सही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

मिनू, आता शेवटचं सांगतो. करारावर सही कर. बदल्यात प्लॉटचा अर्धा हिस्सा, बाबांचा, जो तू मागत होतीस, तो तुला कायमचा लिहून देतो. तू म्हणशील, सगळंच माझं असताना अर्धं काय देतोस? हे बघ, कागदावर काय आहे ते मला सांगू नकोस. आपल्यात काय ठरलं होतं ते तुला माहीत आहे.

आणि रेलिंगचं म्हणशील, तर मी काहीच केलं नाही असं नाही. त्या वेळी जोड ढिला दिसला तिथे पुट्टी भरून रंग देऊन घेतला होता. बाहेरून नवं दिसायचं. हे फक्त तुला सांगतो आहे.

दादा

लातूर, ६ ऑक्टोबर

सौदामिनी,

तू लातूरला येऊन गेलीस. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पोलीस ठाण्यात बसलीस, जबाब दिलास आणि नांदेडची बस पकडलीस. हे मला कुणी सांगितलं? वकिलाने, जबाबाची नक्कल माझ्यापुढे टाकून. सख्ख्या बहिणीची खबर मला वकिलाकडून कळते.

ती नक्कल मी उभ्यानेच वाचायला घेतली. मला वाटलं, घेतला हिने सूड. दोन वर्षांचा दबलेला राग, हक्कसोडपत्राचा राग, त्या दिवशी चारचौघांत मी बोललो त्याचा राग, सगळा आता एकदम निघणार. माझं नाव कुठे येतं ते आधी शोधलं. वरून खाली, खालून वर. माझं नाव कुठेच नाही.

‘मी या कंपनीची संचालक आहे. दुसऱ्या मजल्याचं रेलिंग हलतं हे मला वास्तुशांतीच्या दिवसापासून माहीत होतं. मी स्वतः हलवून पाहिलं होतं. मी ते दुरुस्त करून घेतलं नाही.’ आणि खाली सही. तीच सही, माझ्या बोटाखाली केलेली.

तुला वेड लागलंय का? नोकरीत आहेस अजून. शाळेत काय सांगणार? मी तुला एवढंच सांगितलं होतं ना, नावापुरती आहे म्हण? आणि माझं नाव का घेतलं नाहीस? घ्यायचं होतंस! मी भांडलो असतो, खोटं आहे म्हणालो असतो, वकील उभा केला असता. आता कुणाशी भांडू?

आरतीला विचारलं, तू तिला काही सांगून गेलीस का? आरती म्हणाली, तुझ्या दवाखान्यातल्या चकरा नोटीस यायच्या आधीपासूनच चालू आहेत. शाळा सुटली की त्या मुलीच्या आईसाठी डबा घेऊन जातेस. आणि माझ्यासाठी निरोप ठेवलायस, ‘दादाला सांग, नाव माझं त्यानेच घातलंय.’

दुसरंही समजलं. बिल्डिंग बँकेत गहाण ठेवून मुलीच्या ऑपरेशनची आणि पुढच्या उपचाराची सोय करायची, असा ठराव तुम्ही दोघींनी केलाय. मी विचारलं, आरती, तूही सही केलीस? ती म्हणाली, “केली. या वेळी वाचून केली.”

दिवसभर मी काही खाल्लं नाही. तसं उपासाचं म्हणशील तर नीलम्माचं ताट अजूनही बंदच आहे.

मी काय केलं होतं मिनू? कुणी दगड मारला तर मला लागू नये म्हणून पुढे एक आडोसा उभा केला. तो आडोसा सिमेंटचा नव्हता, विटांचा नव्हता. तू होतीस. भाऊबीजेच्या दिवशी, कपाळावर तुझं कुंकू असताना, मी तुला माझ्यापुढे उभं केलं. हे मला आजवर दिसलं नाही, कारण तू कागदावर होतीस. काल तू खरोखरची येऊन उभी राहिलीस.

पुढे लिहवत नाही.

लातूर, १५ ऑक्टोबर

मिनू,

शुक्रवारी मी ठाण्यात गेलो. वकिलाला न सांगताच निघालो होतो, पण आरतीने त्यांना कळवलं असावं; ते धापा टाकत माझ्या मागोमाग पोचले. फौजदार तरुण आहेत. म्हणाले, “काका, तुमचं तर कागदावर नाव न्हाई. तुम्ही कशाला आलात?” मी म्हटलं, कागदावर नाही म्हणूनच आलो.

त्यांनी विचारलं, कारभार कोण बघतं? मी म्हटलं, मी. भाडं कोण घेतं? मी. रेलिंग हलतं हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? वकिलांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, बुटासकट. अंगठा अजून ठणकतोय.

मी हो म्हणालो. बहिणीने सांगितलं होतं. सगळ्यांसमोर मला गॅलरीत नेऊन, हलवून दाखवलं होतं. मी तिला म्हणालो होतो, तू पाहुणी आहेस, जेव आणि जा. ती न जेवता गेली. पुट्टीचंही सांगितलं. नीलम्माच्या कराराचंही सांगितलं आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. वकिलांनी माझा खटला सोडला. जामिनासाठी मृत्युंजयने दुसरा वकील आणला. पुढे काय होईल ते होईल. या वयात मला कोठडीची भीती वाटते, हे तुझ्यापासून लपवून काय करू?

शेषेराव बाहेर बाकावर होता. त्याला आतलं ऐकू आलं होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, म्हटलं, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर मी खोटं दिलं. मला माहीत होतं. या वेळी त्याने हात जोडले नाहीत. “आता कळलं,” एवढंच म्हणाला आणि उठून स्टँडकडे गेला. तेव्हापासून जिना रिकामा आहे. तो बसलेला असायचा ते बरं होतं.

वैष्णवीच्या डाव्या पायाची बोटं हलली म्हणे. आरतीने सांगितलं. तू तिथे होतीस तेव्हा हलली, हेही सांगितलं.

आज वेल्डिंगवाला आला आहे. चारी मजल्यांचं जुनं रेलिंग कापून काढलं, गॅलऱ्यांची दारं मी स्वतः कुलूप लावून बंद केली. पुट्टी खरवडली तर आत बोल्टच नव्हता, नुसतं भोक होतं. नवे गज रस्त्यावर पडलेत. त्याने टेप काढली आणि विचारलं, “मालक, उंची कितीची घिऊ?”

मी म्हटलं, मालक मी नाही, मालकीणबाई नांदेडला असतात, विचारून सांगतो. तो हसला, त्याला थट्टा वाटली. त्याच्यासमोरच तुला फोन लावला. तू उचलला नाहीस, ते ठीकच आहे. म्हणून हे पत्र.

उंची कळव. त्या दिवशी धुरात उभी राहून तू हात आपल्या छातीशी आडवा धरला होतास आणि म्हणाली होतीस, ‘एवढं तरी हवं दादा, पोरी वाकतात.’ तेवढंच घ्यायचं ना? मला सगळं आठवतंय.

उत्तर येईपर्यंत काम थांबवून ठेवलंय. हे पत्र मात्र फाडू नको.

तुझा
दादा